खारफुटी वाचवायचीच, पण सातबाऱ्याबाहेरच्या माणसांचे काय?

पर्यावरणाचा विषय काढला की आपल्या चळवळीतले अनेक कार्यकर्ते कंटाळतात. झाडे, पक्षी, समुद्रकिनारा ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आपल्याला आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती आणि घरे यांतून फुरसत कुठे, असा त्यांचा सूर असतो. हा सूर का लागला हे आम्हाला कळते. मुंबईत पर्यावरणाच्या नावाने गेलेल्या अनेक अर्जांतून शेवटी झोपडीवर बुलडोझर आला आहे. पण म्हणून हा विषय दुसऱ्यांच्या हातात सोडून देणे आम्हाला मान्य नाही. समुद्र वर चढतो आहे आणि त्याचे पाणी सर्वांत आधी आपल्याच वस्तीत शिरते.

1901 ते 2018 या काळात जगभरातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा सहावा अहवाल सांगतो. वीतभर पाणी, त्यात काय, असे कोणाला वाटेल. ज्याचे घर उधाणाच्या रेषेपासून वीतभरच उंच आहे त्याला विचारा. अरबी समुद्रातली वादळेही वाढली आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासून गेले. या सगळ्यापुढे किनाऱ्यावरच्या माणसाकडे स्वस्त आणि खात्रीची ढाल एकच आहे, ती म्हणजे खारफुटी. सरकारी कागदात तिला कांदळवन म्हणतात. गावात तिवर, कांदळ, चिप्पी अशी एकेका झाडाची नावे आहेत. या झाडांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात, गाळ धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास झाला. ज्या गावांच्या पुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे माणसे कमी मेली, असे त्यातून दिसले. सिमेंटची भिंत तेवढ्या पैशात हे काम करत नाही. शिवाय भिंतीत निवटी, चिंबोऱ्या, कालवे आणि कोळंबीची पिल्ले वाढत नाहीत.

म्हणजे खारफुटी वाचली पाहिजे, यात वाद नाही. आमचा वाद वेगळा आहे. वाचवण्याचे काम कोणाच्या नावाने चालले आहे, त्याचा पैसा कोणाकडे जातो आणि बंदीचा दंडुका कोणाच्या पाठीत बसतो, एवढेच आम्ही विचारतो.

यासाठी रायगडचा खारेपाट पाहावा लागेल. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला हा खाडीकाठचा सखल पट्टा. खाडीच्या चिखलात मातीचे बांध घालून, उधाणाचे पाणी बाहेर ठेवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन इथे भातशेती उभी केली गेली. बांधात उघाडी असते. ओहोटीला ती शेतातले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खाडीचे पाणी आत येऊ देत नाही. राता हा लाल तांदूळ या खाऱ्या मातीतच पिकतो. शेतातल्या तळ्यांमध्ये जिताडा वाढवतात. चिखलात कमरेपर्यंत उभे राहून हे बांध ज्यांनी घातले ती कुळे होती, आगरी होते, कातकरी आणि महार मजूर होते. जमीन मात्र खोतांच्या आणि सावकारांच्या नावावर होती.

याच खारेपाटात चरी गाव आहे. 1933 पासून सुमारे सहा वर्षे इथल्या कुळांनी संप केला, जमीन पेरलीच नाही. उपाशी राहिले, लाकूडफाटा विकून जगले, पण सावकाराच्या अटींवर नांगर धरला नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. 1934 मध्ये चरीला कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. पुढे 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. किनाऱ्याचा प्रश्न आपला नाही असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. स्वतंत्र मजूर पक्षाच्या लढ्यात कोकणचा शेतकरी होता आणि त्याच्या शेताच्या पलीकडे खाडीच होती.

डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेला जाताना बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने निघून दासगावला उतरले, तेही याच खाड्यांमधून. त्या दासगावावर 2005 च्या जुलैत दरड कोसळली, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवरही कोसळली. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातील तळिये गाडले गेले आणि महाड शहर पुराखाली होते. चवदार तळ्याच्या तालुक्यात दर काही वर्षांनी पाणी माणसे नेते. आपण मात्र 20 मार्चला तिथे जाऊन पाण्याच्या हक्काची भाषणे करून परततो. भाषणे व्हायलाच हवीत. पण त्याच दिवशी त्याच मैदानात सावित्रीच्या पुराची आणि खाडीच्या गाळाचीही चर्चा का होऊ नये?

पुन्हा खारेपाटाकडे. पूर्वी बांधाची डागडुजी गावकरी मिळून करत. 1948 च्या खारजमीन कायद्याने आणि नंतर 1979 च्या कायद्याने हे काम सरकारच्या खात्याकडे गेले. खाते आले आणि गावाचा हात सुटला. बांधाला एकदा खांड पडली की दुसऱ्या उधाणाला ती मोठी होते, तिसऱ्याला शेत खाडी होते. धरमतरच्या खाडीत मोठमोठे बार्ज फिरतात, त्यांच्या लाटांनी बांध ढासळतात, अशी तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. समुद्राची पातळी वाढते तशी उधाणाची उंचीही वाढते. जुन्या उंचीचे बांध आता पुरत नाहीत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, 2, 3 असे क्षार सोसणारे भाताचे वाण काढले आहेत. पण भरतीचे पाणी रोज आत येऊन उभे राहिले तर कोणताच वाण तग धरत नाही.

मग त्या बुडालेल्या शेतात खारफुटी उगवते. तिला कोणी लावत नाही, ती येते. आणि ती आली की कायदा येतो. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात खारफुटी नष्ट करणे हा संविधानाच्या कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे म्हटले. खारफुटीची जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिला हे संरक्षण लागू आहे. तिच्याभोवतीचे 50 मीटरही मोकळे ठेवायचे आहेत. हा निकाल आम्ही मोलाचा मानतो. तो नसता तर मुंबईच्या खाड्यांवर आज टॉवर उभे असते. पण ज्या शेतकऱ्याचे दीड एकर सरकारी बांध फुटल्यामुळे बुडाले, त्याला हा निकाल काय सांगतो? बांध दुरुस्त करायला गेलास तर खारफुटी तोडावी लागेल, तो गुन्हा. तसेच सोडलेस तर शेत गेले, आणि भरपाईचे पान कोणत्याच कायद्यात नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, सारा आहे, फक्त जमीन नाही. जगण्याचा हक्क झाडाच्या बाजूने वाचला जातो तेव्हा त्याच चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनेही तो वाचला पाहिजे. खात्याच्या ढिलाईने वन झालेल्या जमिनीचा पूर्ण मोबदला ही दया नव्हे, देणे आहे.

हे झाले सातबारा असलेल्याचे. त्याच्याहून खाली आणखी एक थर आहे आणि आम्हाला खरे बोलायचे आहे ते त्याच्याबद्दल.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक योजनेत एक शब्द असतो, 'किनारी समुदाय'. ऐकायला छान वाटतो. जणू किनाऱ्यावर जात नाही, वाडा नाही, वेस नाही. प्रत्यक्षात कोकणातले कोणतेही गाव बघा. कोळीवाडा वेगळा, आगरआळी वेगळी, ब्राह्मणआळी नारळी-पोफळीच्या सावलीत, बौद्धवाडी गावाबाहेर आणि कातकरीवाडी त्याच्याही पलीकडे, बहुतेकदा दुसऱ्याच्या जागेवर. खाडीत हाताने चिंबोऱ्या पकडणारी, तिसऱ्या आणि कालवे वेचणारी बाई 'मच्छीमार' म्हणून नोंदलेली नसते. तिच्याकडे होडी नाही, परवाना नाही, सोसायटीचे सभासदत्व नाही. मिठागरात मीठ ओढणारा मजूर शेतकरीही नाही आणि मच्छीमारही नाही. वादळ आले की पंचनामा कशाचा होतो? होडीचा, जाळ्याचा, बागेचा. निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर-मुरुडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. बागायतदाराचे नुकसान मोठे होते आणि त्याला भरपाई मिळायलाच हवी होती. पण त्या बागेत वर्षभर शिंपणे, सुपारी पाडणे आणि सोलणे यावर ज्याचे घर चालत होते त्याची पुढच्या काही वर्षांची मजुरीही त्याच दिवशी आडवी झाली. त्याचा पंचनामा करण्यासाठी तलाठ्याच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

हे फक्त कोकणात घडते असे नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत, विशेषतः नागपट्टिनमच्या पट्ट्यात, मदत छावण्यांत दलितांना वेगळे ठेवले गेले, पाण्यापासून आणि मदतीपासून दूर ठेवले गेले, हे मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. मासेमारीशी जोडलेली मजुरी करणारे दलित 'मच्छीमार' या व्याख्येत बसत नव्हते, म्हणून भरपाईच्या यादीत नव्हते. प्रेते उचलायला मात्र सफाई कामगारच लागले. लाट जात पाहत नाही, असे वर्तमानपत्रांनी तेव्हा लिहिले. लाट पाहत नसेल, पण यादी करणारा पाहतो.

2018 मध्ये हरित हवामान निधीने आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठी 4 कोटी 34 लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. खारफुटी वाढवणे, त्यावर आधारित रोजगार देणे, लोकांना हवामान बदलाला तोंड देण्यास सक्षम करणे हा त्याचा हेतू. महाराष्ट्रात 2012 पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. त्याच्या योजनेतून खेकडेपालन, कालवेपालन, शोभिवंत मासे असे गट चालतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटाने होडीतून कांदळवन सफर सुरू केली आणि ती नावाजली गेली. ही कामे खोटी नाहीत. 2023 च्या भारतीय वन सर्वेक्षणाप्रमाणे राज्यात सुमारे 315 चौरस किलोमीटर खारफुटी आहे, आणि देशात काही राज्यांत ती घटत असताना इथे थोडी वाढली, याचे श्रेय या कक्षाला आणि न्यायालयाला दिलेच पाहिजे. आम्ही विचारतो ते एवढेच. त्या बचत गटांमध्ये बौद्धवाडीतल्या किती बाया आहेत? कातकरीवाडीतल्या किती? गट काढायला आधी वर्गणी लागते, हिशेबाची वही लागते, खेकड्यांच्या पिंजऱ्यासाठी जागा आणि राखणदार लागतो. ज्याच्याकडे आधीच थोडे आहे त्यालाच योजना सापडते. जातवार आकडा अहवालात छापा, मग 'समुदाय' म्हणा.

दुटप्पीपणाची गोष्ट केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. खाडीकाठच्या झोपडीसाठी कायदा लोखंडाचा असतो, प्रकल्पासाठी तो मेणाचा होतो. मालवणी, मानखुर्द, गोवंडीच्या खाडीकाठी राहणारी माणसे हौसेने दलदलीत गेली नाहीत. शहराने त्यांना कामाला बोलावले आणि घराला जागा दिली नाही. त्यांच्यावर 'खारफुटीचे शत्रू' हा शिक्का आहे. बुलेट ट्रेनसाठी मात्र सुमारे 22 हजार खारफुटीची झाडे तोडायला डिसेंबर 2022 मध्ये परवानगी मिळाली, कारण काम 'सार्वजनिक हिताचे' होते. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास बंदी असलेला पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. हे कोणी मागितले होते? कोळीवाड्यांनी घरांसाठी मुभा मागितली होती हे खरे, पण मोकळ्या झालेल्या जागेकडे आधी रिसॉर्टवाल्यांचे लक्ष गेले. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. तिथेच वाढवणला समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव टाकून 76,220 कोटींचे बंदर करण्यास जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मच्छीमार आणि आदिवासी वर्षानुवर्षे रस्त्यावर आहेत. उरणच्या कोळ्यांचा अनुभव त्यांच्यासमोर आहे. तिथे बंदर आणि इतर प्रकल्पांनी मासेमारी गेली, आणि 2015 मध्ये हरित लवादाला 1,630 कुटुंबांसाठी 95 कोटींहून अधिक भरपाईचा आदेश द्यावा लागला. विकासाची किंमत कोण मोजतो हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे?

आता आपल्याच मित्रांच्या एका आक्षेपाकडे. ते म्हणतात, खारफुटीचा हट्ट धरला की सरकार आपल्याच झोपड्या पाडेल, म्हणून गप्प राहा. आम्हाला हे पटत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठीच्या काठची खाजणे भरून तिथे कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या, पाण्याला जायला जागा नव्हती. पाणी त्या कचेऱ्यांच्या विसाव्या मजल्यावर चढले नाही. ते झोपडपट्टीत चढले. खारफुटी गेली तर झोपडी वाचते, हा हिशेबच उलटा आहे. मागणी अशी हवी की जिथे राहणे धोक्याचे आहे तिथल्या माणसाला त्याच वॉर्डात, कामापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी आधी घर द्या, मगच त्याची जागा खाडीला परत करा. घराआधी बुलडोझर आला तर त्याला पर्यावरण संरक्षण म्हणू नये.

बाबासाहेब खारफुटीबद्दल बोलले होते असा आमचा दावा नाही. असले दावे करणारे पुष्कळ आहेत. पण व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 8 नोव्हेंबर 1945 ला कटकच्या परिषदेत ते ओडिशाच्या पुरांवर बोलले होते. नुसते बांध घालून पूर अडवण्याच्या जुन्या विचारावर त्यांनी टीका केली आणि पाणी ही संकट नव्हे, लोकांच्या उपयोगी आणायची संपत्ती आहे, अशी मांडणी केली. दोन वर्षांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला देण्याची योजना त्यांनी मांडली. निसर्गातली संपत्ती कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या उपयोगी, हाच त्यांचा प्रश्न होता. खाडी, खाजण आणि खारफुटी यांना तो जसाच्या तसा लागू पडतो. कालपर्यंत खोत सांगायचा की खाडीत पाय टाकायचा नाही. आज वनरक्षक सांगतो. गणवेश बदलला म्हणून चिंबोऱ्या पकडणाऱ्या बाईला काय फरक पडला?

कायद्यात रस्ता आहे, तो वापरला जात नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये पाणसाठ्यांतील मासे आणि इतर उपज यांवर सामूहिक हक्क सांगता येतो. कांदळवन जर वन आहे, तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या चिंबोऱ्या आणि कालवे गोळा करणाऱ्या कातकऱ्यांचा आणि इतर पारंपरिक वननिवासींचा दावा का दाखल होत नाही? गडचिरोलीत झाला, किनाऱ्यावर का नाही? बिगर आदिवासींना तीन पिढ्यांचा पुरावा लागतो, ती अट जाचक आहे, पण आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब आणि जुने दाखले गोळा करायला वकील लागत नाही, कार्यकर्ते लागतात. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम 21 बरोबरच कलम 14 मधूनही येतो, असे म्हटले. कलम 14 म्हणजे समता. याचा अर्थ हवामानाच्या मदतीत जातीवरून आणि सातबाऱ्यावरून होणारा भेद हा आता संविधानाच्या कक्षेतला प्रश्न आहे. आपल्या वकील मित्रांनी हे पान उघडावे.

खारबांधांबद्दलही थोडे बोलतो, कारण तिथे शेतकरी आणि खारफुटी यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा डाव सहज यशस्वी होतो. बांधाच्या बाहेर, खाडीच्या बाजूला तिवरांची रांग असेल तर लाट बांधावर थेट आदळत नाही, हे जुन्या खारेपाटकरांना माहीत होते. बांध उंच करा, बाहेर खारफुटी राखा, जिथे शेत परत मिळणे शक्य नाही तिथे मोबदला द्या, आणि हे काम रोजगार हमीतून बौद्धवाडी-कातकरीवाडीच्या मजुरांना द्या. पेणच्या खारेपाटात वाशी-शिर्कीची गावे पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडत आहेत. विहिरी खाऱ्या होत जातील तशी ही पाळी आणखी गावांवर येईल आणि तेव्हा टँकर कोणत्या आळीत आधी थांबतो, हे बघायला आपल्याला तिथे असावे लागेल.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाखेला आमचे सांगणे आहे. येत्या ग्रामसभेत जा. कांदळवनाची गावसमिती आहे का, तिच्यात कोण आहे, योजनेचा पैसा कोणत्या गटांना गेला, हे लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अर्ज टाका. चिंबोऱ्या-कालवे वेचणाऱ्या, मिठागरात आणि वाडीत राबणाऱ्या प्रत्येकाची यादी वाडीतच बसून तयार करा, नाव, काम, किती वर्षे, असे तिन्ही रकाने भरा आणि ती तहसीलदाराकडे पोचपावती घेऊन द्या. पुढच्या वादळानंतर पंचनाम्याला येणाऱ्याच्या हातात आपली यादी असली पाहिजे.

जय भीम.